नुसता हुंकारा

मूर्तिजापूर मागे पडलं आणि पायलनं गोष्टीतल्या बापाला मारून टाकलं. श्रावण म्हणाला, "हूं." गाडी सरळ चालली होती. मागे स्पीकर, मशीनची पेटी, वायरींची भेंडोळी आणि एकात एक अडकवलेले कर्णे खड्ड्यागणिक खणखणत होते. त्या खणखणाटाकडे मात्र त्याचं लक्ष होतं, कारण डावीकडचा कर्णा सैल बांधला गेला आहे हे त्याला आवाजावरून कळत होतं. पायल म्हणाली, मंग ते पोरगीबी मेली. "हूं." मंग अस्वल आलं न त्यानं सगळ्यायले पुरीभाजी वाढली. "हूं." मग ती थांबली. तिचं थांबणं त्याला कळलं नाही. एक ट्रक गेला, एक ढाबा गेला, आणि सवयीनं तो पुन्हा म्हणाला, "हूं." या वेळी त्या हूंला टेकायला खाली काहीच नव्हतं. तो तसाच गाडीत लोंबकळत राहिला.

"मी तं काई बोललीच नाई," पायल म्हणाली.

"बरं."

"मी आता काय सांगतलं, सांगा बरं."

"राजाची गोष्ट."

"राजा कई होता? माइकवाला होता तो. त्याले मी मारून टाकलं. तुमी हूं म्हनलं. मंग पोरीले मारलं. तुमी हूं म्हनलं." तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात कोण आलं, कोण नाही आलं हे बाईंना सांगावं तसं ती सांगत होती. मग तिनं खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहू लागली. आठ वर्षांच्या पोरीनं इतक्या शांतपणे बाहेर पाहू नये, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे तसा विचार आला. विचार आला आणि समोरच्या काचेवर बसलेल्या माशीसारखा बसून राहिला.

हुंकारा द्यायचा असतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. परतवाड्याला त्याची आई तूर निवडता निवडता गोष्ट सांगायची, आणि भावंडांनी आळीपाळीनं हूं म्हणायचं. हुंकारा थांबला की आईची बोटं सुपात थांबायची. "मेले का रे?" ती विचारायची, आणि सगळे जिवंत असल्याच्या आनंदात मोठ्यानं ओरडायचे, हूंऽऽ! कीर्तनातही तेच. बुवा एक चरण म्हणून मागे पाहतात, टाळकरी तो झेलतात, तेव्हाच तो चरण पुढे जातो. झेलणारं कोणी नसेल तर गाणारा कितीही चांगला असो, त्याचं गाणं पायाशी पडतं. श्रावणला हे लहानपणापासून इतकं आवडायचं की पुढे कीर्तनांना माइक लावण्याचाच त्यानं धंदा केला. लोक म्हणत, पैशासाठी लग्नाचं काम घे, श्रावण. तो घ्यायचा, पण लग्नात त्याचं मन लागत नसे. सप्ताह असला की तो सगळ्यांच्या आधी पोचायचा. आईच्या त्या हिशोबात एक गोष्ट मात्र धरलेली नव्हती. हुंकारा थांबला तर माणूस मेला. पण माणूस मेला आणि हुंकारा चालूच राहिला तर?

ते कधी सुरू झालं, हे त्याला सांगता आलं नसतं. काही घडलं नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता, बायकोशी, मायाशी भांडण नव्हतं. एका सकाळी चहाचा कप समोर होता आणि तो उचलण्याचं काही कारण त्याला सापडेना. कप निवला. साय धरली. असं पुष्कळदा झाल्यावर घरात बोललं गेलं की श्रावणनं चहा सोडला. रविवारचं मटण ताटात तसंच राहू लागलं, तेव्हा बोललं गेलं, तेही सोडलं, माळ न घालता. पहाटे, अजून अंधार असतानाच, त्याची झोप मोडायची. छातीवर धान्याचं पोतं ठेवल्यासारखं वाटायचं आणि तो उठून गच्चीवर बसायचा. अमरावतीत त्या वेळी बडनेऱ्याच्या बाजूनं गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. शेजारची बाई फुलं तोडायला यायची आणि हात जोडायची: ब्रह्ममुहूर्त चुकवत नाही हा माणूस. पूर्वी तो चिडायचा. वायर कोणी ओढली की तोंड सुटायचं. आता चिडायलाही काही तरी हातात घट्ट धरलेलं असावं लागतं, आणि त्याच्या हातात काहीच नव्हतं. मायाची मावशी बेबीताई राखीला आली, दिवसभर पाहत राहिली आणि जाताना त्याच्या पाया पडता पडता राहिली. "जावई तं साधूच झाले बाप्पा! माया, तुयं नशीब पाय. आमचा म्हातारा अजून भजे पाह्यले का उडी मारते." माया हसली नाही. ती रात्री त्याच्या कपाळावर हात ठेवायची, ताप पाहावा तसा, आणि उचलून घ्यायची. मग सगळ्यांचं ऐकून ऐकून त्यालाही वाटू लागलं, असेल. कीर्तनात ज्याचं एवढं वर्णन ऐकलं ते वैराग्य हेच असेल. असं कोरडं असतं हे फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

काटेपूर्णेचा पूल आला. नदीत पाणी थोडं आणि दगड फार. या पुलावर त्याला हल्ली नेहमी एक गोष्ट सुचायची. तिला विचार म्हणण्याइतकी धार नव्हती. गाडी पुढे जावी, स्पीकर अकोल्याला पोचावे, कीर्तन व्हावं, आणि या सगळ्यात आपण नसावं. एवढंच. आजही ते सुचलं. मग त्याच्या लक्षात आलं की आज शेजारी पायल आहे, आणि ती असतानाही ते सुचलं. पायलनं वाऱ्यात उडणारे केस कानामागे घेतले. त्यानं वेग कमी केला. मागून कोणीतरी भोंगा वाजवून शिवी दिली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, हनुमानाच्या देवळापुढे मांडव होता. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. कीर्तनकार रामराव म्हणजे त्याचे सासरे. सत्तरी गाठलेली, आवाज अजून पितळी, अंगावर घामानं चिकटलेला सदरा. "या जावईबापू! तुमी आले का माहा आवाज अर्धा तसाच चांगला होते." श्रावणनं कर्णे चढवले, वायरी सोडल्या, माइकवर टिचकी मारली. पायल त्याच्याजवळ मशीनपाशी सतरंजीवर बसली. मृदंगावर थाप पडली, टाळ उचलले गेले, आणि रामरावांनी डोळे मिटून ध्यान सुरू केलं. मांडवातल्या बाया पदर सावरून पुढे सरकल्या.

मशीनवर दिव्यांची ओळ असते. आवाज चढला की हिरवे दिवे धावतात, फार चढला की शेवटचा लाल लागतो. श्रावण त्या ओळीकडे पाहत होता. रामरावांनी चरण धरला, दिवे धावले. टाळकऱ्यांनी झेलला, धावले. म्हाताऱ्यानं गळा असा काही फिरवला की समोरचा एक पागोटेवाला भर मांडवात रडू लागला, आणि श्रावणनं पाहिलं की लाल लागला, म्हणून आवाजाची एक खुंटी किंचित खाली केली. काही वर्षांपूर्वी याच जागी, याच चालीवर, त्याचे डोळे असे भरले होते की हात खुंटीवरच राहिला आणि कर्ण्यातून मोठी शिट्टी निघाली. लोक हसले होते. रामराव गाता गाता म्हणाले होते, "शिट्टी वाजली, गाडी निघाली वैकुंठाले!" हल्ली त्याच्या माइकला कधी शिट्टी येत नसे. श्रावणचा सेट म्हणजे एक नंबर, असं सगळीकडे झालं होतं. वरूडच्या संत्र्यावाल्यांपासून सगळे त्यालाच बोलवायचे. शिट्टी का येत नाही, हे त्याला आज दिव्यांकडे पाहताना कळलं. तो आवाज ऐकत नव्हता, पाहत होता.

"आयकून राहिले का मायबाप?" रामरावांनी विचारलं.

"हाव!" मांडव म्हणाला.

"नाई तं घरी जाऊन इचारलं, बुवा काय बोलले, तं म्हनान जेवन चांगलं होतं." हशा. "संसार कोनाले सुटला? मले नाई सुटला. मले अजून गुडघ्याले तेल लागते न तेल लावाले बायको लागते. पन सुटलेला मानूस पाहाचा असन तं दूर जाऊ नका. थो पाहा, मशीनजवळ बसला. आमचा जावई! चहा सोडला, राग सोडला. बायको बोलली तं म्हनते हूं. सासरा बोलला तं म्हनते हूं. सांगा बरं, असा जावई कोनाले भेटते?" लोकांनी वळून पाहिलं. कोणी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पागोटेवाल्यानं ओल्या डोळ्यांनीच हात जोडले. श्रावणनं मान थोडी लववली.

पायल त्याच्या कानाशी आली. "बाबा, वैराग्य आलं का मंग पोरीची गोष्ट आयकत नाई काय?"

त्याचा हात कुठल्या खुंटीवर गेला ते त्याला कळलं नाही. कर्णे एकदम मुके झाले. रामरावांचे ओठ हलत होते, हात वर गेला होता, मृदंगवाला मान डोलवत होता, आणि सगळं दूर, काचेपलीकडे. ते पाहून त्याला पहिल्यांदा भीती वाटली. मुळात काही वाटलं तेच कितीतरी काळानं. कारण हे चित्र ओळखीचं होतं. रोज सकाळी माया, पायल, गल्ली, देव, सगळं असंच दिसायचं. "अरे श्रावण, वायर पाय!" कोणीतरी ओरडलं. त्यानं खुंटी पुन्हा वर केली. कर्ण्यातून रामराव म्हणत होते, "आमच्या जावयानं मलेबी सोडलं वाटते!" आणि मांडव हसत होता.

दहीहंडी फुटली. काला वाटला गेला. दही, लाह्या, डाळिंबाचे दाणे त्यानं तळहातावर घेतले आणि तोंडात टाकले. गार, ओलं. दाताखाली दाणा फुटला तो कळला. बाकी काही नाही. आणि तिथं, वायर गुंडाळता गुंडाळता, त्याच्या मनात एक साधी गोष्ट स्वच्छ उभी राहिली. इतकी वर्षं इतक्या कीर्तनकारांना त्यानं माइक दिला. त्यांनी सांगितलेल्या सुटलेल्या माणसांचा संसार सुटला होता, पण नाम नाही. उलट नाम गोड झालं म्हणून बाकीचं सुटलं. त्याचं नाम सगळ्यात आधी गेलं होतं.

रामराव टॉवेलनं मान पुसत आले. श्रावण म्हणाला, "मामाजी, मले कीर्तन आयकू येत नाई."

म्हाताऱ्याचा टॉवेल थांबला. "काय?"

"लय दिवस झाले."

रामरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. 'जावईबापू' म्हणायलाही ते विसरले. "अबे, तू माइकवाला! कान गेले तं धंदा बसन ना. कोनाले बोलू नको. संध्याकाळी कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. अथीच, अकोल्यात. अमरावतीत तं गल्लोगल्ली तुयाच कर्णा हाये, सगयं गाव पाह्यन." श्रावणनं त्यांना दुरुस्त केलं नाही. कानाचा आजार बरा वाटला. कान हे दाखवता येतात.

रतनलाल प्लॉटमधल्या एका इमारतीत कानाच्या डॉक्टर मिस्बाह म्हणून होत्या. जेमतेम पस्तिशीच्या, डोक्यावरून ओढणी, बोलणं भरभर. त्यांनी त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. खोली इतकी शांत होती की आपलं रक्त वाहतानाचं ऐकू येत होतं. मग आवाज आले, कागदावरून किडा चालावा इतके बारीक. तो दाबत गेला. मध्ये कुठलाही शब्द नाही, कोणाची अपेक्षा नाही, नुसता आवाज आणि बटण. इतकी सोपी गोष्ट त्यानं फार दिवसांत केली नव्हती. काचेबाहेर रामराव आणि पायल बाकावर बसलेले दिसत होते. पायल आजोबांना काहीतरी सांगत होती, आणि आजोबांचे ओठ दर थोड्या वेळानं गोल होत होते. हूं.

"वरच्या पट्टीत किंचित कमी आहे," डॉक्टर मिस्बाह कागद पाहत म्हणाल्या. "कर्ण्याजवळ राहणाऱ्याचं तेवढं होतंच. बाकी कान उत्तम आहेत, भाऊ. मग तुम्हाला ऐकू काय येत नाही?"

त्यानं खाली पाहिलं. खुर्चीच्या हाताचं रेक्झिन फाटलं होतं आणि आतला पिवळा स्पंज दिसत होता. "पोरीची गोष्ट," तो म्हणाला.

डॉक्टर मिस्बाहंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, आधी काय आवडायचं ते विचारलं. "कीर्तन," तो म्हणाला. त्या म्हणाल्या, "माझ्या अब्बांचंही असंच झालं होतं. आम्ही म्हणायचो, किती शांत झालेत, नमाजाला बसले की उठत नाहीत. आम्हाला उशिरा कळलं. वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात, माझ्या ओळखीच्या आहेत. मी आत्ताच फोन लावते. बाहेर सासरे आहेत ना? त्यांना मी सांगू, का तुम्ही सांगता?"

"मी सांगतो."

बाकापाशी रामराव उठून उभे राहिले. "कान?"

"कान चांगले हायेत."

"देवाची कृपा!"

"मामाजी, वर जा लागते. मनाच्या डॉक्टरकडं."

रामरावांनी जिन्याकडे पाहिलं, मग दाराकडे, कोणी ओळखीचं तर नाही ना असं. "काहून बा? तुले काय येड लागलं? अरे, तुले तं वैराग्य..."

"थे वैराग्य नोतं, मामाजी. वैराग्य असतं तं देवाचं नाव गोड लागलं असतं. मले काला गोड नाई लागला, अन् नावबी नाई. तुमी गाऊन राहिले होते न मी दिवे पाहून राहिलो होतो."

म्हाताऱ्यानं टोपी काढली. पांढरे विरळ केस घामानं चपटे झाले होते. सबंध आयुष्य ज्यानं लोकांना ही गोष्ट सांगून रडवलं, त्याला ती त्याच्याच भाषेत परत मिळाली होती, आणि ती झेलायला मागे टाळकरी नव्हते. "म्हंजे तू सांगत होता न मी नुसता हूं हूं करत होतो," ते म्हणाले. टोपी पुन्हा घातली. पायल म्हणाली, "आबाजी, लिफ्ट हाये." पण ते जिन्यानंच चढू लागले, गुडघ्यावर हात ठेवत, श्रावणच्या पुढे.

वरच्या डॉक्टर वयस्कर होत्या. त्यांनी पुष्कळ विचारलं, आणि मग, पाणी नीट पिता का असं विचारावं तितक्या सहज, विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

"मरावंसं नाही. नसावंसं."

"शेवटचं कधी वाटलं?"

"आज सकाळी. पुलावर. गाडी चालवत होतो." तो थांबला. "शेजारी पोरगी होती." हे वाक्य त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, स्वच्छ, कुठलीही घरघर नसलेलं, आणि त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. त्यानं ती सोडेपर्यंत डॉक्टर थांबल्या. मग त्यांनी सरळ सांगितलं. हा आजार आहे, त्याला नैराश्य म्हणतात, बाप असलेल्या माणसालाही होतो, आणि तो बरा होतो. गोळ्यांना काही आठवडे लागतील, गोड वाटायला त्याहून जास्त. मधेच सोडायच्या नाहीत, दर आठवड्याला येऊन बोलायचं. ते पुलावरचं पुन्हा आलं तर लपवायचं नाही, त्याच घडीला घरच्यांना सांगायचं, मला फोन करायचा. आणि आज परत जाताना गाडी तुम्ही चालवायची नाही. आपल्या पत्नीला आत्ता, इथून फोन करा.

मायानं सगळं ऐकून घेतलं. ती मध्ये एकदाही हूं म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, "मी निंगतो तिकडं. शेजारच्या चंदनले घेऊन येतो, थो चालवन गाडी." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "बरं झालं बोलले तुमी."

पुढचे आठवडे फारसे वेगळे नव्हते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडे आणि दुपारी झापड येई. पुलाबद्दल त्यानं मायाला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ती कणकेचे हात न धुता येऊन शेजारी बसली. रामरावांनी फोन करून विचारलं, "कीर्तनात सांगू का हे? लोकायच्या कामाचं हाये." तो म्हणाला, "नका सांगू अजून." ते म्हणाले, "बरं बा, नाई सांगत. पोटात फुगून राह्यलं, तरी नाई सांगत." बेबीताईला कोणाकडून तरी कळलं. तिनं जाहीर केलं की नजर लागली, आणि तीही उतरवून गेली. गोळ्या आणि मीठमोहऱ्या दोन्ही चालू राहिल्या. एका सकाळी मायानं सवयीनं त्याच्यापुढे कप ठेवला. त्यानं तो उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "जास्त उकळला आज." माया गॅसकडे वळली आणि बराच वेळ पाठमोरीच उभी राहिली.

आज श्रावण अकोल्याला डॉक्टरांकडे चालला होता, एसटीनं. पायलला सुट्टी होती म्हणून ती आली. खिडकी तिनं घेतली. गाडीत भुईमुगाची टरफलं, कोणाच्या तरी मोबाइलवर बातम्या, कंडक्टरची टिकटिक. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा पायलनं गोष्ट सुरू केली. तिनं हल्ली गोष्टी फार कमी सांगितल्या होत्या, आणि सांगताना ती त्याच्या तोंडाकडे पाहायची. एक होती चिमणी, तिले मोबाइल सापडला. "हूं." तिनं सगळ्यायले फोन लावला. "हूं." काटेपूर्णेचा पूल आला. बसचा आवाज पोकळ झाला, खाली दगड आणि थोडं पाणी, आणि तो मनानं तिकडे गेला. नसावंसं वाटण्याच्या त्या जुन्या जागेपाशी थोडा वेळ उभा राहिला. पूल संपला. पायल बोलतच होती. कोणीतरी रडत होतं, कोणीतरी चिमणीला रागवत होतं, कोण ते त्याला माहीत नव्हतं. मग ती थांबली, हुंकाऱ्यासाठी जागा सोडून, आणि वर पाहू लागली.

हूं ओठांवर आलेला होता. अगदी तयार.

"थांब," श्रावण म्हणाला. "सुटलं मायं मधलं. आयकलं नाई मी."

पायलनं त्याच्याकडे पाहिलं. "किती मागून सांगू?"

"चिमणीनं फोन लावला ना, तथून."

"एवढं मागून?" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बाप्पा! तुमी तं काईच आयकलं नाई." आणि मग पाय वर घेऊन, त्याच्याकडे पूर्ण वळून, ती पुन्हा सांगू लागली.